वेगळ्या मतांची माणसं एका सतरंजीवर बसवायची तर: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्या संवादकांसाठी

तुम्ही कॉलेजात एनएसएसचं काम बघत असाल, सोसायटीच्या कमिटीवर असाल, किंवा एखाद्या मंडळात, वाचनालयात राबत असाल. राजकारण, जात, धर्म, भाषा यांपैकी काही निघालं की माणसं एकतर गप्प बसतात नाहीतर एकमेकांच्या अंगावर जातात, हे बघून तुम्हाला काहीतरी करावंसं वाटत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. त्यासाठी पदवी लागत नाही, संस्था नोंदवावी लागत नाही. दहा-बारा माणसं, एक खोली, दोन तास आणि त्याआधीची भरपूर पायपीट एवढं पुरतं. पायपिटीवरच बैठक तरते किंवा बुडते, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: यश कशात मोजायचं. कोणाचं मत बदललं का, हे बघत बसू नका. दोन्हीकडची माणसं पुढच्या बैठकीला आपणहून परत आली का, एवढंच बघा.

याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये गर्भपात केंद्रांवर गोळीबार झाला आणि तिथे काम करणाऱ्या दोन स्त्रिया मारल्या गेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या तीन आणि त्याला विरोध करणाऱ्या तीन, अशा सहा नेत्या गाजावाजा न करता भेटू लागल्या. पाच वर्षांहून अधिक काळ भेटत राहिल्या. २००१ मध्ये सहाजणींनी मिळून वर्तमानपत्रात त्याबद्दल लिहिलं, तेव्हा एकीचंही मूळ मत बदललेलं नव्हतं. पण एकमेकींबद्दल जाहीरपणे बोलताना आग लावणारे शब्द वापरणं त्यांनी थांबवलं होतं, आणि मधल्या काळात एकीच्या जिवाला धोका असल्याचं कळल्यावर विरोधी बाजूनेच तिला सावध केलं होतं. कडक मतभेद ठेवूनही हे शक्य होतं.

आपल्या गावाची गोष्ट

आपल्याकडे मतभेद हवेतून येत नाहीत, जमिनीतून येतात. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली. भातशेती, खाजणं, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचा जीव गेला. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मुंबईतले घाऊक बाजार वाशीला हलले, तसे सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत राहायला आले. मग आयटी कंपन्या आल्या, त्यांच्यामागून देशभरातली माणसं. ठाण्यात नौपाड्यातला मुलगा आणि मुस्लिमबहुल मुंब्र्यातला मुलगा एका वर्गात शिकतात, पण एकमेकांच्या घरी फारसे जात नाहीत. बैठक चालवणाऱ्याला एवढा इतिहास माहीत हवाच. नाहीतर 'हे लोक एवढे चिडतात का' हेच कळत नाही.

पहिली पायरी: प्रश्न निवडा

नवखे संवादक इथे दोन टोकांना जातात. काही जण पहिल्याच बैठकीला 'स्वच्छता' किंवा 'पर्यावरण' घेतात. सगळे माना डोलावतात, चहा पितात आणि घरी जातात. दुसरे त्याच आठवड्यात पेटलेला विषय घेतात आणि अर्ध्या तासात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. मधला विषय घ्या: माणसाच्या आत ठसठसणारा, पण आज सकाळच्या बातमीतला नाही. भाड्याने घर देताना विचारले जाणारे प्रश्न (काय खाता, कुठल्या समाजाचे), गावठाण (मूळ गावाची वस्ती) आणि सेक्टर (सिडकोने आखलेली वसाहत) यांचं नातं, मुलांच्या शाळेची भाषा, गणपती आणि उरुसातले लाऊडस्पीकर. हे आपल्याकडे कुठेही चालतील.

विषय ठरला की तो 'हवं की नको' असा मांडू नका. 'आरक्षण असावे की नसावे' म्हटलं की खोलीचे दोन तुकडे तिथेच पडले. त्याऐवजी विचारा, 'आरक्षण या गोष्टीशी तुमचा किंवा तुमच्या घराचा पहिला संबंध कधी आला?' याला प्रत्येकाकडे उत्तर असतं आणि ते उत्तर कोणाला खोडता येत नाही. अमेरिकेतल्या मायामीत घरोघर जाऊन केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह हा त्याचा विषय होता. कार्यकर्ते सुमारे १० मिनिटं बोलले, भाषण न देता समोरच्याला स्वतःला वेगळं समजून कधी हिणवलं गेलं हे आठवायला लावलं, आणि पूर्वग्रह कमी झाल्याचा परिणाम ३ महिन्यांनंतरही टिकून होता. अनुभव विचारणं ही दिसायला साधी युक्ती आहे, पण तिच्यात ताकद आहे.

निमंत्रणातले शब्दही तपासा. गावातली माणसं 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात, सोसायटीवाले त्याच घरांना 'अनधिकृत बांधकाम' म्हणतात. तुम्ही यातला कोणताही एक शब्द छापलात की एका बाजूला वाटतं, निकाल आधीच लागला आहे. 'गावठाणातली वाढलेली घरं आणि आजूबाजूचे सेक्टर' असं लिहा. थोडं लांबट वाटेल, चालेल.

दुसरी पायरी: एकेकाला आधी भेटा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ज्याला बोलवायचं त्याला बैठकीआधी समक्ष भेटा. व्हॉट्सअॅपवरचं पोस्टर पुरत नाही. त्यावर फक्त तेच येतात ज्यांना भाषण करायचं असतं. घरी जा, दुकानात जा, रिक्षा स्टँडवर उभे राहा, कॉलेजच्या कँटीनमध्ये बसा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं ऐकून घ्या, वाद घालू नका.

पहिला: 'या विषयावर तुम्हाला असं का वाटतं, म्हणजे कुठून आलं हे?' दुसरा: 'समोरच्यांनी तुमच्याबद्दल काय समजू नये असं वाटतं?' तिसरा: 'कोणी काय बोललं तर तुम्ही उठून जाल?'

दुसऱ्या प्रश्नाला माणसं क्षणभर थांबतात. खुल्या प्रवर्गातला मुलगा म्हणतो, 'मी जातीयवादी आहे असं समजू नका, माझ्या वडिलांची कंपनी बंद पडली आहे.' राखीव जागेवर आलेली मुलगी म्हणते, 'मला मार्क कमी होते असं कोणी गृहीत धरू नये.' ही वाक्यं तुमच्याकडे आधीच असली की बैठकीत नेमकं कुठे दुखणार आहे ते ठाऊक असतं. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मिळून तुमचे नियम तयार होतात.

कोणाला बोलवायचं याबद्दल माझं मत ठाम आहे: पदाधिकाऱ्यांना पहिल्या दोन-तीन बैठकांना बोलवू नका. शाखाप्रमुख असो, जिल्हाध्यक्ष असो की संघटनेचा विद्यार्थी नेता, त्याला त्याच्या माणसांसमोर पक्षाची ओळ सोडून बोलता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याचं काम तेच आहे. त्याच्याच पक्षाला मत देणारा साधा माणूस शोधा. पदाधिकाऱ्याला मात्र आधी भेटून 'असं करतोय' हे सांगा, म्हणजे नंतर गैरसमज होत नाही.

दुसरं, कोणालाही एकटं पाडू नका. बारा जणांत एकच मुसलमान, एकच बौद्ध, एकच उत्तर भारतीय किंवा एकच आगरी असेल तर त्याच्यावर सगळ्या समाजाची वकिली येऊन पडते. प्रत्येक बाजूची किमान दोन-तीन माणसं हवीत आणि बायका निम्म्या हव्यात. एवढी जुळणी झाली नाही तर तारीख पुढे ढकला.

जागा, वेळ आणि कागद

जागा कोणाच्याही मालकीची वाटू नये: पक्षाचं कार्यालय नको, देवळाचा हॉल नको, एका समाजाचं भवन नको. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग किंवा महापालिकेचं समाजमंदिर चालतं. गोलात बसा, टेबल मध्ये नको. भाजी मार्केटला जाणारा माणूस मध्यरात्रीनंतर कधीही उठतो, तेव्हा रात्री नऊची वेळ त्याला झेपत नाही. आयटीवाल्याला शनिवार-रविवारशिवाय सवड नसते. रविवारी दुपारी चार ते सहा बहुतेकांना जमतं. गावातली माणसं हवी असतील तर लग्नसराई आणि गावदेवीची जत्रा सोडून तारीख धरा, हळदीच्या संध्याकाळी कोणी येणार नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठका थांबवा. तेव्हा प्रत्येक शब्दाला प्रचाराचा वास येतो.

एक पानी माहितीचा कागद करा. अर्धी भांडणं मतांची नसतात, माहितीची असतात. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाला सोबत बसवून कागद तयार करा, आणि दोघांना मान्य असेल तेवढंच त्यावर ठेवा. आरक्षणासाठी असं काही: २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली, २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के मिळाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने मराठा समाजासाठी १० टक्क्यांचा कायदा केला. शाळेतल्या भाषेसाठी: १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली, जूनमध्ये सुधारित निर्णय निघाला, २९ जूनला दोन्ही रद्द झाल्याचं जाहीर झालं. एवढंच. विशेषणं नकोत. बैठकीत आकड्यांवर वाद पेटला की 'हे कागदावर नाही, आपण शोधून पुढच्या वेळी सांगू' असं म्हणून पुढे जाता येतं.

नियम थोडे, पण मोठ्याने

नियम भिंतीवर चिकटवून भागत नाही. बैठक सुरू होताना वाचा आणि प्रत्येकाकडून 'हो' घ्या. मी पाचच ठेवते: 'मी' म्हणून बोला, 'तुम्ही लोक' नको; दोन मिनिटांत संपवा; मध्ये बोलू नका; फोन पिशवीत, रेकॉर्डिंग नाही; इथे ऐकलेलं कोणाच्या नावाने बाहेर सांगायचं नाही. शिवाय ज्याला बोलायचं नाही त्याने 'पुढे' म्हणावं, कारण विचारायचं नाही.

याच्याबाहेर एक रेषा आहे आणि ती तुम्हीच सांभाळायची. एखाद्याचं माणूसपण हा चर्चेचा विषय नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करण्याला गुन्हा मानतो. जात, धर्म, प्रांत किंवा बाई असणं यावरून कोणी हिणवलं तर तिथेच थांबवायचं. 'दोन्ही बाजूंना समान वेळ' ही सबब तिथे चालत नाही. आणि आदराने बोला म्हणजे आवाज चढवू नका, असा अर्थ लावू नका. ज्याला भाड्याचं घर आडनावावरून नाकारलं गेलं आहे तो ते सांगताना चिडणारच. त्याचा राग सहन करणं हा ऐकणाऱ्यांच्या आदराचाच भाग आहे.

प्रत्यक्ष बैठक

पहिली फेरी अनुभवाची. ठरलेला प्रश्न, प्रत्येकी दोन मिनिटं, कोणी उत्तर द्यायचं नाही. हातात काहीतरी फिरवा, पेन चालेल. ज्याच्या हातात पेन तोच बोलणार.

दुसरी फेरी आपल्याकडच्या जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीची: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत आपल्या शब्दांत मांडायचं आणि त्यालाच विचारायचं, 'बरोबर सांगितलं का?' तो 'हो' म्हणेपर्यंत आपली पाळी येत नाही. ही फेरी संथ चालते, तशीच चालू द्या.

तिसरी फेरी प्रश्नांची. इथे खरे प्रश्न आणि खोटे प्रश्न वेगळे करावे लागतात. 'मग तुमच्या लोकांनी असं का केलं?' हा प्रश्न नाही, आरोप आहे. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधी माहीत नाही, तो खरा.

कोपरखैरण्यातल्या एका बैठकीत गावठाणातले एक आजोबा आणि शेजारच्या सोसायटीच्या खजिनदार ताई समोरासमोर होते. ताई म्हणाल्या, 'निम्मा पगार हप्त्यात जातो, पाण्याला दाब नाही, गाडी लावायला जागा नाही, आणि पलीकडे परवानगीशिवाय मजले चढतात. नियम पाळणाऱ्यानेच सोसायचं का?' आजोबांनी आपली पाळी येईपर्यंत वाट बघितली. मग म्हणाले, 'आम्ही तीन भाऊ, तिघांची पोरं. शेती घेतली, घर तेवढं ठेवलं. पोरं मोठी झाली, ती कुठं पाठवायची?' काही क्षण कोणी बोललं नाही. मग ताईंनी विचारलं, 'काका, तुमचं शेत नक्की कुठे होतं हो?' आजोबा उठून खिडकीशी गेले. तो पेट्रोल पंप, त्याच्या मागून खाडीच्या बाजूला, मध्ये बांध, बांधाच्या टोकाला उघाडी (खाडीचं पाणी अडवायचं दार), असं हात करून दाखवत राहिले. ताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्या प्रश्नाने कोणाचं मत हललं नाही. मजल्यांबद्दल ताई पुढेही तेच बोलल्या. फक्त 'ते लोक' म्हणणं संपलं.

शेवटच्या फेरीला विचारा: 'तुमच्याच बाजूच्या मतात तुम्हाला कुठे शंका वाटते?' पहिल्या बैठकीत हे फार जमत नाही. जबरदस्ती करू नका.

तापलं तर

तापणारच. तेव्हा बोलायची वाक्यं आधी पाठ करून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाहीत. कोणी मध्येच तोंड घातलं तर: 'दादा, तुमचं ऐकायचंच आहे, आधी त्यांचं पुरं होऊ द्या.' कोणी 'हे लोक असेच' म्हणालं तर: 'तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा.' कोणी पक्षाच्या आयटी सेलचा मेसेज वाचायला लागलं तर: 'हे तुम्हाला कुणी पाठवलं ते राहू दे, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' वयस्क माणसाला थांबवायचं तर आधी हात जोडून 'काका' म्हणा, मग थांबवा, पण थांबवाच. वयाच्या आदरापोटी एका माणसाने वीस मिनिटं खाल्ली की बाकीचे पुढच्या वेळी येत नाहीत.

दोघे एकमेकांवर आले तर दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसायला सांगा, मनात काय आलं ते कागदावर लिहायला लावा. शांततेची भीती बाळगू नका. कोणी रडलं तर पाणी द्या, 'थांबायचं का?' एवढं विचारा, समजावू नका. आणि कोणी रेषा ओलांडून माघार घ्यायला तयार नसेल, तर त्याला बाहेर नेऊन जायला सांगा. ज्याला बोल लागला त्याच्याजवळ आधी कोणीतरी बसलेलं असू द्या, म्हणून बैठक नेहमी दोघांनी चालवावी.

विद्यार्थ्यांबरोबर करताना

कॉलेजात मोठी अडचण म्हणजे गुण. इंटर्नल ज्यांच्या हातात आहेत त्या सरांसमोर मुलं खरं बोलत नाहीत. म्हणून चालवणारा शिक्षक दुसऱ्या विभागाचा असावा आणि त्याने बैठकीत स्वतःचं मत सांगू नये. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची आणि प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, विषय त्यात स्पष्ट लिहा.

मुलं गोलात बुजतात. त्यांना तिघातिघांत बसवा: एक बोलेल, एक ऐकून परत सांगेल, तिसरा फक्त बघेल आणि शेवटी काय दिसलं ते सांगेल. पाच मिनिटांनी जागा बदला. आठवी ते दहावीच्या मुलांना वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रांगेत उभं करा: इकडे 'पूर्ण मान्य', तिकडे 'अजिबात नाही'. एखादं विधान वाचा, जिथे वाटेल तिथे उभं राहू द्या, दोन-तीन मुलांना 'इथे का उभा आहेस, बाळ?' विचारा, आणि ऐकून जागा बदलायची मुभा द्या. बहुतेक मुलं मधेच कुठेतरी उभी राहतात हे बघून त्यांनाच नवल वाटतं. कोणत्याही मुलाला 'तुमच्यात कसं असतं ते सांग' असं म्हणू नका.

बैठक संपल्यावर

उठायच्या आधी पुढची तारीख ठरवा. दुसऱ्या दिवशी गप्प बसलेल्यांना फोन करा; बोलणाऱ्यांना तुमच्या फोनची गरज नसते. चर्चेसाठी व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका. दोन तासांत जे जमलं ते रात्री साडेअकराच्या एका फॉरवर्डने विस्कटतं. ग्रुप हवाच असेल तर फक्त निरोपापुरता, अॅडमिनशिवाय कोणाला लिहिता येणार नाही असा.

तीनएक बैठकांनंतर चालवण्याचं काम सहभागी माणसांतल्याच दोघांकडे द्या, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा. त्यांना एक बैठक आधी तुमच्या शेजारी बसवा, वेळ बघण्याचं काम एकाकडे आणि पेन फिरवण्याचं दुसऱ्याकडे द्या. माणसं भेटण्याची पायपीट त्या दोघांनी जोडीने करायची: गावातल्या घरी सोसायटीवाल्याने जायचं, सोसायटीत गावातल्याने. गेटवरच्या वॉचमनला त्याचं नाव आधी सांगून ठेवा.